घोडीची शाळा

(नभोवाणीवरील भाषण)



आज मी आपणांपुढे एका घोडीविषयी बोलणार आहे. विषय ऐकून आपणांपैकी पुष्कळांस हसू येईल, आणि ते साहजिकच आहे. जेथे मोटार ठेवावयासही अंगणात जागा उरली नाही, तेथे घोड्याची कथा कोणाच्या कामाची, असे आपण म्हणाल. माझ्या गावचे लोकही हेच म्हणतात. चिखली हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पैनगंगा आमच्या तालुक्यातून वाहत पुढे मेहकराकडे जाते. जमीन काळी, पीक कापसाचे आणि सोयाबीनचे, आणि रस्त्यावर वर्दळ ट्रॅक्टरची. अशा गावात एका निवृत्त शिक्षकाने घोडी पाळावी, आणि पाळून तिच्यावर बसू नये, हा गावाच्या दृष्टीने दुहेरी वेडेपणा होय. सकाळी मी तिला दोरीने धरून फिरावयास निघालो की चहाच्या दुकानापाशी हटकून प्रश्न येतो, "गुरुजी, घोडी बसायले हाय का पाहायले?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते असे नाही. परंतु ते एका वाक्यात देण्याजोगे नव्हते. म्हणून आज नभोवाणीने जो वेळ मला दिला आहे त्याचा थोडा दुरुपयोग करून मी ते देणार आहे.

नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेडा म्हणून गाव आहे. तेथे एकमुखी दत्ताचे मंदिर असून दत्तजयंतीस मोठी यात्रा भरते. तिच्या घोडेबाजारात मारवाड-काठेवाडाकडील जनावरे शेकड्यांनी येतात. सेवानिवृत्तीनंतर एका मार्गशीर्षात मी तेथे केवळ पाहण्याकरिता म्हणून गेलो, आणि दीड वर्षाचे एक तांबूस शिंगरू घेऊन परतलो. कानांची टोके आत वळून एकमेकांस भिडत होती, पाय लांब आणि बेताल, आणि डोळ्यांत अशी काही भीती होती की जणू सारी यात्रा तिच्यावरच चाल करून येत आहे. सौभाग्यवतींनी तिला पाहून एवढेच विचारले, "हिचे खाणे पेन्शनीतून का?" तो प्रश्न अद्यापि मिटलेला नाही.

आणल्यापासून आठवड्याच्या आत सल्लागार जमले. त्यांत एक चाबुकस्वार होता. लग्नसराईच्या घोड्या तयार करण्यात त्याचा हातखंडा, आणि मनुष्य खरोखरीच जाणता. त्याने शिंगराच्या पाठीवरून हात फिरविला, खूर उचलून पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आठ दिवस माझ्या हवाली करा. नांगरटीत दमवतो, पाय बांधतो, दोन दिवस चंदी तोडतो. नवव्या दिवशी लेकरू बसवा." मी नाही म्हटले. तो रागावला नाही. परंतु गावात मात्र असे झाले की गुरुजींनी जाणत्याचे ऐकले नाही. त्या मनुष्याविषयी मला आजही आदर आहे. त्याला पैसे मिळतात ते दिवसाच्या हिशेबाने. घोडीमागे आठ दिवसांहून अधिक घालवले तर त्याच्या चुलीवर काय शिजेल? त्याची घाई ही त्याची नव्हे, ती गिऱ्हाइकाची.

मी नाही का म्हटले, ते सांगतो. घोड्याचे वय दातांवरून कळते, हे आपण ऐकले असेल. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे मधले दुधाचे दात पडून पक्के दात येतात. साडेतिसाव्या नव्हे, साडेतिनाव्या वर्षी त्यांच्या शेजारचे (जिभेचा दोष क्षमा करावा). आणि साडेचाराव्या वर्षी कोपऱ्याचे. दात दिसतात म्हणून आपण मोजतो. हाडे दिसत नाहीत म्हणून विसरतो. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो आणि हाड वाढते ते त्या थरात. पुढच्या गुडघ्याच्या वरचा थर अडीच वर्षांच्या आसपास मिटतो. पाठीच्या मणक्यांचे मात्र पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत मिटत नाहीत. म्हणजे खोगीर जेथे बसते ती जागा सर्वांच्या शेवटी पिकते. दोन वर्षांचे शिंगरू बाहेरून पुरते घोडे दिसते आणि आतून अर्धे कच्चे असते.

हे ज्ञान काही क्ष-किरणांनंतरचेच आहे असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे एक प्रकरण आहे. व्यालेल्या घोडीस तूप किती द्यावे, शिंगरास दूध किती महिने मिळावे, तिसऱ्या वर्षापर्यंत जव कसे वाढवीत न्यावे, असा पै-पैचा हिशेब मांडून शेवटी चार किंवा पाच वर्षांच्या, पूर्ण वाढलेल्या घोड्यास तो कामायोग्य ठरवितो. ज्या ग्रंथात राज्य चालविण्याकरिता विषापासून व्याजापर्यंत कशाचाही विधिनिषेध नाही, त्यातला हा हिशेब दयेपोटी आलेला नाही हे उघड आहे. लवकर जुंपलेला घोडा लवकर मोडतो आणि खजिन्यास तोटा होतो, एवढेच त्याला दिसत होते.

अर्थात याच्या उलट बाजूही आहे, आणि ती आमच्या चहाच्या दुकानातल्या एका तरुणाने मला ऐकविली. मुंबई-पुण्याच्या शर्यतींत दोन वर्षांची घोडी धावतात, ते कसे? गोष्ट खरी आहे. महालक्ष्मीच्या मैदानावर 1943 पासून होणारी इंडियन डर्बी ही चार वर्षांच्या घोड्यांची, इंग्लंडातील एप्समची डर्बी तीन वर्षांच्यांची. पण त्याच मैदानांवर दोन वर्षांचीही पळविली जातात. शिवाय संशोधक असेही सांगतात की, लहानपणी शिंगरास मोकळे पळू दिले, थोडा व्यायाम दिला, तर त्याची हाडे अधिक बळकट होतात. ठाणाला बांधून ठेवलेले शिंगरू उलट कमकुवत निघते. तेव्हा वाट पाहणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. पहिल्या वर्षी मी तिच्यावर बसलो नाही, परंतु एक दिवसही रिकामा गेला नाही. मोहरकी घालून घेणे, चारी पाय एकेक करून हातात देणे, खराऱ्याला न बुजता उभे राहणे, नालबंदाच्या हातोडीचा आवाज ऐकणे, पुलावरून जाणे, आणि थांब म्हटले की थांबणे. या शेवटच्या गोष्टीला चार महिने लागले. लांब दोरीच्या टोकाशी वर्तुळात चालविणे, ज्याला जुने लोक कावा देणे म्हणत, तेही मी दुसऱ्या वर्षी सुरू केले, आणि एका वेळी दहा मिनिटांहून अधिक कधी दिले नाही.

घोड्याला शिकविण्याचे रहस्य म्हणून जर काही असेल तर ते फार लहान आहे. दोरी ओढली, आणि जनावराने एक पाऊल पुढे टाकले, की त्याच क्षणी दोरी सैल झाली पाहिजे. ते शिकते ते ओढण्याने नव्हे, सैल सोडण्याने. सैल सोडण्यास दोन क्षण उशीर झाला की आपण काय शिकविले हे आपणांसही ठाऊक राहत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात मी तीस वर्षे उभा होतो. परंतु शाबासकी वेळेवर द्यावी लागते हे मला या घोडीने सांगितले. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी हे ऐकले तर ते म्हणतील, फार उशीर झाला.

आता माझ्या अपराधाकडे वळतो.

दुसरा हिवाळा उलटला आणि घोडी तीन वर्षांची होत आली. त्या वैशाखात माझ्या थोरल्या बंधूंच्या नातवाचे लग्न ठरले. दादांचा शब्द आमच्या घरी आजवर कोणी मोडलेला नाही. ते म्हणाले, "घरची घोडी असताना नवरदेव भाड्याच्या घोडीवर बसेल, तर लोक काय म्हणतील?" मी हाडांचे सांगितले, दातांचे सांगितले. ते म्हणाले, "अर्ध्या फर्लांगाची वरात. त्याने काय मोडते?" मी म्हटले, तिला बँडची सवय नाही. तेव्हा वहिनींनी आषाढीच्या वारीचा दाखला दिला. रिंगणात माउलींचा अश्व लाखो माणसांतून, टाळमृदंगाच्या गजरात धावतो. आणि तुमची घोडी चार वाजंत्र्यांना भिते? दाखला बिनतोड वाटला. त्याचे उत्तर मला पुढे सुचले. तो अश्व बेळगावकडच्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतो. आणि आळंदीस येतो तो पायी, कित्येक दिवसांची वाट भजनाच्या संगतीने चालून. रिंगणातली धाव आपणांस दिसते. अंकलीपासूनची चाल दिसत नाही. परंतु उत्तर नंतर सुचणे हे उत्तर नसण्यासारखेच.

दुसऱ्या एका शेजाऱ्याने याहून मोठा दाखला दिला. आमच्या जिल्ह्यात श्रीगजाननविजय ग्रंथ घरोघर वाचला जातो. दासगणूंनी तो 1939 साली लिहिला. त्यात गोविंदबुवा टाकळीकर या कीर्तनकारांच्या द्वाड घोड्याची कथा आहे. त्याला लोखंडी साखळ्यांनी बांधावे लागे. शेगावच्या महादेव मंदिरात बुवा उतरले असता रात्री महाराज त्या घोड्याच्या चार पायांमध्ये जाऊन निजले, आणि तो घोडा शांत झाला. "एका रात्रीत झाले, गुरुजी," शेजारी म्हणाला, "अन् तुम्हाले दोन वर्षं लागतात!" मी हात जोडले. जे काम संतांना एका रात्रीत साधते ते पेन्शनरास दोन वर्षांत साधले तरी पुष्कळ झाले, असे म्हणावयास हवे होते. पण म्हटले नाही. त्या कथेत एक बारकावा मात्र मला नेहमी थांबवितो. महाराजांनी घोड्याला काही केले नाही. ते स्वतः त्याच्या टापांखाली जाऊन पडले.

असो. मी होकार दिला. याचा दोष मी दादांना देत नाही, वहिनींना देत नाही. घोडी माझी होती आणि दोरी माझ्या हातात होती.

वरातीत वाजंत्री नव्हतीच. ट्रकावर भिंतीएवढे कर्णे रचलेले होते. पहिल्या ठोक्याला घोडी थरथरली. मी तिच्या मानेवर हात ठेवला. माझा हातही थरथरत होता, हे मला त्या वेळी कळले नाही. चौकात कोणीतरी फटाक्यांची माळ लावून तिच्या पुढ्यात टाकली. ती मागील पायांवर उभी राहिली. नवरदेव खोगिरावरून घसरला तो मनगटावर पडला. तेवढ्यात मदतीच्या हेतूने एक गृहस्थ लगामाला लोंबकळले, आणि लोखंडाने तिच्या तोंडाचा कोपरा फाटला. दोरी माझ्या हातातून सुटली. डांबरी रस्त्यावर ती दोनदा घसरून पडली आणि गुडघे सोलून घेऊन मळ्याच्या वाटेने दिसेनाशी झाली. लग्न लागले ते हाताला फळी बांधलेल्या वराचे. घोडी पहाटे आमच्याच गोठ्याच्या मागे उभी सापडली. परंतु मी दहा पावलांवर येताच ती मागे सरकली.

तिने एकोणीस दिवस मला हात लावू दिला नाही.

त्या एकोणीस दिवसांत मी पुष्कळ वाचले. दुसरे करण्याजोगे काही नव्हते. सुमारे 2,400 वर्षांपूर्वी ग्रीस देशात झेनोफन नावाचा एक सेनानी होऊन गेला. त्याने घोडेस्वारीवर लहानसे पुस्तक लिहिले आहे. बुजलेल्या घोड्याला जो स्वार मारतो त्याच्याविषयी त्याचे म्हणणे मोठे मार्मिक आहे. घोडा ज्या वस्तूला भ्याला तिच्याकडे पाहत असताना त्याला वेदना होते, तेव्हा ती वेदना त्या वस्तूनेच केली असे त्याला वाटते, आणि भय दुप्पट होते. माझ्या घोडीने कर्ण्यांचा आवाज ऐकला, आणि त्याच क्षणी तिचे तोंड फाटले. यापुढे तिच्या हिशेबी प्रत्येक ढोल म्हणजे फाटलेले तोंड.

परंतु मला त्याहून अधिक बोचली ती बर्लिनच्या हान्स घोड्याची हकीकत. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाने (आमचाच धंदा!) आपला घोडा गणित करतो असे जाहीर केले. प्रश्न विचारावा, आणि घोड्याने टाप आपटून बरोबर आकडा सांगावा. 1904 साली विद्वानांच्या समितीने तपास केला. तिला लबाडी आढळली नाही. पुढे 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने कोडे उलगडले. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसले की घोडा चुके. योग्य आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके किंचित, अगदी केसभर हलत असे. त्याची त्याला जाणीवही नसे. आणि घोडा ते पाहून थांबे. घोड्याला गणित येत नव्हते. त्याला माणूस येत होता.

हे वाचून मी पुस्तक मिटले. वरातीच्या आधी महिनाभर मी तिच्याजवळ जात होतो ते मनात दादांचा शब्द, वहिनींचा दाखला आणि चहाच्या दुकानातला प्रश्न घेऊन. वाटत होते की हे सारे मी अंगणाबाहेर ठेवून येतो. परंतु खराऱ्याच्या हाताला घाई होती, दोरीला घाई होती, श्वासाला घाई होती, आणि तिने ती सारी वाचली होती. गावाने घोडीला कधी घाई केलीच नाही. गावाचा तिच्याशी संबंध काय? गावाची घाई तिच्यापर्यंत पोहोचविणारा टपालवाला मीच होतो.

विसाव्या दिवसापासून मी एक निराळा क्रम धरला. तिच्या कुंपणात एक खुर्ची नेऊन ठेवली आणि सकाळी तासभर तिच्याकडे पाठ करून मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागलो. हातात दोरी नाही, खिशात गूळ नाही. अग्रलेख ती ऐकून घेई. बाजारभावाच्या वेळी लांब जाई. (नभोवाणीवर बोलण्याची माझी तालीम तेथेच झाली, हे या निमित्ताने कबूल करतो.) सहाव्या दिवशी मानेवर गरम श्वास लागला. मी वळलो नाही. तिने वर्तमानपत्राचा कोपरा चावून पाहिला. त्यानंतर दोन दिवसांनी मी हात मागे केला आणि तिच्या वशिंडापाशी, जेथे घोडी एकमेकांना खाजवतात तेथे, बोटांनी खाजवू लागलो. त्या जागी खाजवले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असे फ्रान्समध्ये 1993 साली मोजून दाखविले गेले आहे. माझ्याजवळ मोजण्याचे साधन नव्हते. तिचा खालचा ओठ लोंबू लागला, तेवढे मला पुरले.

आवाजाचे शिक्षण याहून लांब चालले. शेजारचा एक मुलगा रोज सायंकाळी पलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवर बसून पत्र्याचा डबा वाजवी, आणि इकडे मी तिला हरभऱ्याची चंदी देई. तिने तोबऱ्यातून तोंड वर काढले की मी हात वर करी आणि मुलगा थांबे. आठवड्याला चार-पाच पावले तो पुढे येई. कधी दहा पावले मागेही जावे लागे. विहिरीपासून गोठ्यापर्यंतचे अंतर आपण सहज चालून जाल. डब्याला ते चालावयास सात महिने लागले. या काळात गावाने विचारावयाचे काय ते विचारून घेतले. पुण्याहून चिरंजीवांचा निरोप आला की, गिऱ्हाईक पाहून टाकावी. चाबुकस्वार एकदा येऊन गेला. तो कुंपणापाशी बराच वेळ उभा राहिला, डब्याचा प्रकार पाहिला, आणि जाताना म्हणाला, "आमाले एवढा टाइम कोण देते, गुरुजी?" त्यात टोमणा नव्हता. त्यानंतर तो अधूनमधून येतो, आणि तिचे खूर तोच पाहतो.

मागील हिवाळ्यात खोगीर प्रथम तिच्या पाठीवर ठेवले. तंग आवळला नाही, नुसते ठेवले आणि काढले. शेजारचा तो डबेवाला मुलगा अंगाने हलका म्हणून पहिला स्वार तोच झाला: मी दोरी धरून पुढे, तो वर, गोठ्यापासून विहिरीपर्यंत आणि परत. माझे स्वतःचे वजन तिच्या पाठीला अजून काही महिने तरी द्यावयाचे नाही असे मी ठरविले आहे.

परवाच्या पोळ्याला आमच्या गल्लीतून बैलांची मिरवणूक निघाली. झुली, बेगडी शिंगे, ढोल, हलगी, सारा थाट. मी घोडीला कुंपणाच्या आतच मोकळी ठेवली होती. ढोल वळणावर आले तशी तिने मान वर केली, कान पुढे केले. कडब्याची एक काडी तोंडात तशीच राहिली. मी खुर्चीवर वर्तमानपत्र धरून बसलो होतो. त्यातले एक अक्षरही मला दिसत नव्हते. ढोल दारावरून गेले. काडी पुन्हा हलू लागली.

दादांचा नातू मिरवणुकीबरोबर होता. तो बाहेर पडून कुंपणापाशी आला. त्याचे ते मनगट अजून पुरते वळत नाही. त्याने तोच हात फळीवरून आत घातला. घोडीने तो हुंगला, बराच वेळ हुंगला.

"आबा," तो म्हणाला, "आता बसलं तर चालंल का?"

मी तिचा ओठ उचलून त्याला दाखविला. खालचा कोपऱ्याचा दात हिरडीतून नुकता वर आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

"एवढा वर येऊ दे," मी म्हटले.

त्याने खुंटीवरचा खरारा घेतला आणि तो आत आला.